तुझ्या प्लॉटवर गट्टू लागणार नाहीत

सुधाकर,

तुझ्या शोकसभेत मी भांडण करून आलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तू मध्येच खी-खी करणार नाहीस. आपल्या लेआउटच्या वसाहतीतल्या मारुती मंदिरासमोर सतरंज्या टाकल्या होत्या. तुझा नोकरीतल्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून, हार घालून खुर्चीत ठेवला होता. त्यात तू तार चोरताना सापडलेल्या माणसासारखा दिसतोस. एकेक जण उठून तुझ्याबद्दल गोड बोलत होता. जी माणसं बारा महिने तुला 'कचरा प्लॉटवाला' म्हणायची, त्यांच्या तोंडी त्या दिवशी 'निसर्गप्रेमी'शिवाय शब्द नव्हता. मी खालमानेनं ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं.

मग आपल्या लेआउटचे अध्यक्ष गुल्हाने सर उठले आणि त्यांनी घोषणाच केली. तुझ्या आणि माझ्या घराच्या मधे तुमचा जो मोकळा प्लॉट आहे, ज्यात तू रिटायर झाल्यापासून झाडोरा वाढवून पाखरं, फुलपाखरं, भुंगे, सरडे अशी वस्ती बसवलीस, तिथे आता तुझ्या नावाचं उद्यान होणार. खाली सगळीकडे गट्टू, म्हणजे सिमेंटच्या जाड फरश्या, बसवायचे, कडेनं अशोकाची रांग, मधे विकतच्या गवताचं लॉन, बसायला सिमेंटचे बाक. पहिलं काम म्हणजे कोपऱ्यातला तो वाळलेला शेवगा आडवा करायचा. तुझा निखिल पुण्याहून आलेला, तो मान डोलवत होता. बापाच्या नावाची बाग होते म्हटल्यावर कोणता पोरगा नाही म्हणेल? शोभावहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. तेवढ्यात मागून कोणी बाई बोललीच, "त्या झाडानंच घात केला बाप्पा. दारात मेलेलं झाड ठेवते काय कोनी? थे आपल्यासंग माणसाले बी नेते." आणि सगळ्या सतरंज्यांवर 'होय नं, होय नं' सुरू झालं.

नेमकं त्याच वेळी सरांनी मला उभं केलं. म्हणाले, दिलीपभाऊ, तुम्ही शेजारी, मित्र, दोन शब्द बोला.

मी म्हणालो, "सुधाकर झाडानं नाई गेला. बीपीच्या गोळ्या खाल्ल्या नाई म्हणून गेला. डॉक्टरनं सांगतलं, वहिनीनं सांगतलं, मी सांगतलं. हा गोळी खिशात टाके न् दुसऱ्या दिवशी थे धुण्यात सापडे. त्या बिचाऱ्या शेवग्याच्या नावानं कायले बोंबलून राह्यले? आन् आयका, त्याच्या प्लॉटवर गट्टू लागणार नाईत. मी लागू देत नाई."

सभेत असं बोलतात का? नाही बोलत. मंदा, म्हणजे माझी बायको, माझा सदरा मागून ओढत होती. निखिल उठला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "काका, हा आमच्या घरातला विषय आहे." खरंच होतं त्याचं. मी कोण? भिंतीपलीकडचा. मी चपला घातल्या आणि घरी आलो. घरी येऊन रडलो, तेही तुला सांगून टाकतो.

रडलो ते दुःखानं कमी आणि रागानं जास्त. माझा तुझ्यावर राग आहे, सुधाकर. ती हरभऱ्याएवढी गोळी गिळायला तुझं काय जात होतं? "शेट, एकडाव सुरू झाली का जनमभराची लागते" म्हणायचास. अरे, लागली असती. जन्म तरी लांबला असता. तुझ्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तू ती खोड घेऊनच गेलास आणि मला इथे त्या सतरंजीवर बसवून ठेवलंस.

आपली ओळखच भांडणातून झाली होती. माझं वर्ध्यात कृषी केंद्र. बी-बियाणं, खत आणि मारायची औषधं, हा माझा धंदा. अळी मारायचं, मावा मारायचं, तण मारायचं, उंदीर मारायचं, सगळं माझ्या फळीवर असतं. तू विजेच्या ऑफिसात लाइनमन. पिपरी मेघेतला आपला लेआउट तेव्हा नवा होता, आणि मी घरासमोर हौसेनं लॉन लावलं होतं. तू रिटायर झालास आणि पहिल्या पावसाळ्यात त्या प्लॉटवर काय केलंस? तर काहीच केलं नाहीस. नुसता बसून राहिलास. तरोट्याचं तण कमरेइतकं झालं, त्याचं बी माझ्या लॉनमध्ये पडायला लागलं. मी पाठीवर पंप घेऊन तुझ्या फाटकाशी आलो.

"सुधाकर, उघड. एका पंपात साफ करून देतो. फुकट."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? पाह्य केवढं रान माजलं थे."

तू फाटकाला कडी घातलीस. "शेट, तुह्या दुकानात ज्याले ज्याले माराचं औषध भेटते, थे सारे माह्या घरचे पाव्हणे हायेत. पाव्हण्यायवर कोनी पंप मारते काय?"

मी चार शिव्या दिल्या आणि परत गेलो. पण त्याच आठवड्यात मंदा तुझ्या प्लॉटमधून कोवळा तरोटा खुडून आली, त्याची भाजी झाली, आणि ती भाजी मी दोनदा मागून घेतली. तू मंदाला सांगितलं होतंस, "अर्धा तुमी तोडजा, अर्धा अळ्यायचा." त्या अळ्यांची पिवळी फुलपाखरं झाली आणि भादव्यात ती इतकी उडायला लागली की मंदाच माझ्या विरोधात गेली. घरात फितुरी झाल्यावर माणूस काय लढणार?

तू काही साधू नव्हतास, हे त्या निसर्गप्रेमीवाल्यांना कोणी सांगावं? नोकरीभर दर मे महिन्यात तू शिडी लावून कडुलिंबांचे शेंडे छाटलेस, तारेला लागतात म्हणून. अर्ध्या वर्ध्यातली झाडं तुझ्या हातानं बोडकी झाली. मी एकदा तुला त्यावरून टोचलं. तुझ्या चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. "तवा ड्युटी होती, केली. लाइन बंद पडली असती तं पह्यला फोन तूच केला असता. आता ड्युटी सरली." एवढंच. पश्चात्तापाचं नाटक नाही, भाषण नाही. मला तुझं हे फार आवडायचं. म्हणूनच मीही तुझ्यासमोर कधी माझ्या धंद्याची लाज धरली नाही आणि तूही धरायला लावली नाहीस. आपण भांडलो ते बरोबरीनं.

चुका तर तू ढिगानं केल्यास. फुलपाखरं येतात म्हणून कुठून तरी रायमुनिया आणून लावलीस. मी म्हणालो, ही घाणेरी म्हणजे झुडूप नाही, संकट आहे, जंगलंच्या जंगलं खाल्ली हिनं. तुला वाटलं, दुकानदार आपल्या सवयीनं बोलतो. एका पावसाळ्यात तिनं तुझं अर्धं रान गिळलं. पुढच्या दोन पावसाळ्यांत तू ती मुळासकट खणत होतास, हाताला काट्यांचे ओरखडे, पाठ धरलेली. मी भिंतीवरून तणनाशकाची बाटली दाखवायचो आणि तू मला कुदळ दाखवायचास. ती भिंत नसती तर आपण एकमेकांचं डोकं फोडलं असतं. रायमुनियाच्या बाबतीत मी बरोबर होतो, हे तू कबूल केलं नाहीस. आता करायला तू नाहीस, म्हणून मीच तुझ्या वतीनं करून टाकतो.

आणि धामण? पावसाळ्यात ती तुझ्या प्लॉटमधून माझ्या न्हाणीघरात आली तेव्हा सगळा लेआउट काठ्या घेऊन जमला होता. तू तुझे नोकरीतले रबरी हातमोजे चढवून मोठ्या ऐटीत आत शिरलास. बाहेर आलास तेव्हा धामण तुझ्या हाताला वेटोळं घालून होती आणि तुला दरदरून घाम फुटला होता. "शेट, गेट उघड लवकर. लय भेव लागून राह्यलं मले." मी हसून हसून खाली बसलो. तू थरथरत तिला गवतात सोडलंस आणि काठीवाल्यांच्या समोर फाटकात उभा राहिलास. भीती वाटत असतानाही उभा राहिलास, ते मी त्या हसण्यात तेव्हा नीट पाहिलं नाही. आज पाहतो आहे.

पोळ्याला मात्र तुझी चंगळ असायची. लेआउटमध्ये बैल कोणाकडे उरले नाहीत, पण दारासमोर लावायला पळसाच्या फांद्या सगळ्यांना लागतात. तुझा पळस तू त्यासाठीच वाढू दिलास असं बायांना वाटायचं. तू खालच्या फांद्या देऊन वरच्याला हात लावू देत नव्हतास, फाल्गुनात फुलांवर मैनांची आणि शिंजिरांची गर्दी व्हायची म्हणून. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या फांद्या उचलून सगळे लेआउटच्या शिवेवर टाकायला निघायचे आणि ओरडायचे, "ढेकूण, मच्छर, रोगराई घेऊन जा गे मारबत!" या आरोळीत आपापलं गाऱ्हाणं घुसवायची आपल्याकडे मुभाच आहे. तू माझ्या अगदी कानाशी येऊन ओरडायचास, "शेटचं तणनाशक घेऊन जा गे मारबत!" आणि मी तुझ्याहून मोठ्यानं, "सुधाकरचा तरोटा घेऊन जा गे मारबत!" लहान पोरांना वाटायचं हीच खरी आरोळी आहे. आता या पोळ्याला मी एकटा काय ओरडू?

हिवाळ्यात तू झाडू हातात घ्यायचा नाहीस. सगळा लेआउट पालापाचोळा गोळा करून जाळायचा, आणि तू तो झाडांच्या बुडाशी ओढून ठेवायचास. वाळलेलं गवत तसंच उभं. गुल्हाने सर फिरायला जाताना नाकाला रुमाल लावायचे, जणू तिथे मेलेलं जनावर पडलंय. त्याच वाळक्या गवताच्या कणसांना मुनियांचा थवा लोंबकळायचा आणि माझी नात दूध न सांडता पूर्ण प्यायची, कारण तिला खिडकीत बसून ते पाहायचं असायचं. मी तुला सांगितलं होतं का हे? नसेल सांगितलं. तुला सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसला असतास.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही असा. तू मातीच्या परळांत पाणी भरून त्यात दगड ठेवायचास, मधमाश्यांना काठावर बसून पिता यावं म्हणून. तुझी बोअर आटली की भिंतीवरून नळी टाकायचास आणि हाक मारायचास, "शेट, मोटर!" मी दर वेळी कुरकुर केली आणि दर वेळी मोटर सुरू केली. त्याच उन्हाळ्यांत माझ्या भिंतीवरचा दोडक्याचा वेल, जो नुसता फुलायचा आणि गळायचा, तो लागायला लागला. मी टोपली भरून दोडके तुला नेऊन दिले. तू म्हणालास, "माश्यायची दलाली समज." मला धंद्यातलं कळतं, सुधाकर. तो सौदा मला फायद्याचा होता. आभार मानायची आपल्यात पद्धत नव्हती, म्हणून मी फक्त दोडके दिले.

आता शेवग्याचं. त्याच्या बुडाला बुरशी लागली तेव्हा मी म्हणालो, औषध देतो, मुळाशी ओत, वाचेल. तू मातीतल्या गांडुळांची काळजी करत बसलास. शेवगा वाळला. मी तुला पुरेपूर ऐकवलं. मग म्हणालो, आता पाड तरी.

"मेलं म्हणून काय झालं? उभं तं हाय."

"पडंन कोनाच्या अंगावर."

"मले शिकवतं काय? जनमभर खांब उभे केले म्या." आणि दुसऱ्या दिवशी तू खरंच त्या मेलेल्या झाडाला ताण दिलास. विजेच्या खांबाला देतात तसा, जाड तार, जमिनीत खुंटा, मधे पिळून घट्ट केलेला. लेआउटमधली माणसं पाहायला आली. वाळल्या लाकडाला असा थाट कोणी दिला नसेल. पहिल्या वर्षी काळे भुंगे त्याला भोकं पाडून राहायला आले. दुसऱ्या वर्षी तांबट. हिरव्या अंगाचं, कपाळावर लाल टिळा असलेलं ते एवढंसं पाखरू चोचीनं सुतारकाम करत होतं आणि तू खाली खुर्ची टाकून मुकादमासारखा बसला होतास. मी म्हणालो, हा ताण येत्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. तू म्हणालास, टिकते. पैज लागली. त्यानंतरच्या सकाळी तू त्याच खुर्चीत बसल्या जागी गेलास, चहाचा कप गवतात पडलेला. म्हणून तर लोकांना आयतं कारण सापडलं. पैज तशीच राहिली आहे, आणि तू जिंकावंस असं मला आज पहिल्यांदा वाटतं आहे.

तर शोकसभेनंतरच्या रविवारी सकाळी जेसीबी आला. तांबटाची पिल्लं तेव्हा ढोलीत होती. आई-बाप उंबराची फळं घेऊन सारखे आत-बाहेर करत होते. मी चहा तसाच ठेवला, दुकानाची मालवाहू गाडी काढली आणि तुझ्या प्लॉटच्या फाटकासमोर आडवी लावली. मागे युरियाची पोती होतीच, त्यामुळे कोणी ढकलून बाजूला करील अशीही नव्हती. मी चावी खिशात घातली आणि बोनेटला टेकून उभा राहिलो. जेसीबीवाला समजूतदार माणूस. त्यानं तंबाखूचा खर्रा काढला, मलाही विचारलं आणि सावलीला जाऊन बसला.

गुल्हाने सर आले, दोन-चार कमिटीवाले आले. सर म्हणाले, "दिलीपभाऊ, मयत माणसाचा तरी मान ठेवा."

"मान मीच ठेवून राह्यलो सर. तुमी गट्टू ठेवून राह्यले."

निखिल आतून आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. तो म्हणाला, "काका, गाडी काढा. खरं सांगा, हे तुम्ही बाबांसाठी करताय की तुमच्या हट्टासाठी?"

"दोन्हीसाठी," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

"मी पुण्यात असतो. आई इथे एकटी राहणार. साप निघतात, झाड पडायला आलंय. लोक आईला येताजाता ऐकवतात की तुझ्या नवऱ्याला त्या झाडानं नेलं. मला ते सगळं संपवायचंय. चूक आहे का माझं?"

चूक नव्हतं. आई एकटी राहणार, हे मी धरलंच नव्हतं. तरीही मी गाडी काढली नाही. म्हणालो, "पिल्लायले उडू दे. मंग पाहू." कमिटीतला एक जण हसला. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की कशाचं ते कळलं नाही. आवाज चढले. मी आयुष्यात कधी कोणाची कॉलर धरली नाही, पण त्या दिवशी धरली असती.

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. इतक्या दिवसांत त्या कोणाशी दोन वाक्यं सलग बोलल्या नव्हत्या. पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "झालं तुमचं? एक म्हणते तोडा, एक म्हणते ठेवा. प्लॉट कोनाच्या नावावर हाय?"

प्लॉट वहिनींच्या नावावर आहे, हे मला माहीत होतं. निखिललाही होतं.

"यायनं जंगल केलं, मले इचारलं नाई. निखिल, तू बाग करून राह्यला, तुनं इचारलं नाई. आन् भाऊजी, तुमी गाडी आडवी लावली. तुमी तरी इचारलं काय?"

मी मान खाली घातली. त्या पायरी उतरून फाटकाशी आल्या.

"मले थे झाड आवडत नाई. पह्यलेपासून नाई आवडत. सांजेले पाह्यलं का पोटात गोळा येते. पन आज थे तोडलं, तं सारं लेआउट म्हणन, पाहा, बाईले बी पटलं, झाडानंच खाल्लं. मंग जनमभर थेच खरं होऊन बसन. मी नाई होऊ देत. त्यायले झाडानं नाई खाल्लं. त्यायनं गोळ्या नाई खाल्ल्या. मी रोज गोळी हातावर ठेवो, न् थे रोज मले फसवे. हे माहं न् त्यायचं भांडण हाय. झाडाचा त्याच्यात काई संबंध नाई."

बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. निखिल त्यांच्याजवळ गेला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. कमिटीवाले आकाशाकडे बघायला लागले. मी तुझ्यावर इतके दिवस रागावून बसलो होतो, माझाच काय तो राग असं समजून. माझ्याहून कितीतरी मोठ्या हक्काचा राग तुझ्या घरात दिवसभर पोळ्या लाटत होता, आणि मला भिंतीपलीकडून तो दिसला नव्हता.

वहिनींनी डोळे पुसले. गुल्हाने सरांना म्हणाल्या, "सर, बाग तुमच्या घरासमोर करा. चांगली होईन." मग निखिलला म्हणाल्या, "मी एकटी नाई राहात. मी माह्या घरी राह्यतो. भेव लागलं तं तुले फोन करीन." आणि मला, "भाऊजी, जेसीबीवाल्याले चहा देतो मी. तुमी गाडी काढा आता. फाटक माहं हाय, मी पाहून घेतो."

मी गाडी काढली. तुझ्यापुढे मी एकदाही माघार घेतली नव्हती. वहिनींपुढे घेतली. तूही घ्यायचास, फक्त मला दिसू न देता.

निखिल परवा पुण्याला गेला. जाताना फाटकाच्या कडीला तेल घालून गेला आणि माझ्याशी नीट बोलला नाही. बोलेल कधीतरी. तुझाच पोरगा आहे, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. ऊन चढायला लागलं आहे. वहिनी सकाळी नळी टाकतात आणि भिंतीवरून नुसतं "मोटर" म्हणतात, मी सुरू करतो. तांबटाची पिल्लं अजून ढोलीतच आहेत. येणारेजाणारे त्या शेवग्याकडे पाहून अजूनही कुजबुजतात, आणि वहिनी मुद्दाम त्याच्या खाली खुर्ची टाकून तांदूळ निवडतात. मी औषधं विकतो आहे आणि विकत राहीन, तुला माहीत आहे. पण त्या भिंतीच्या पलीकडे कोणी पंप घेऊन आला तर त्याला आधी माझ्या अंगावर फवारावं लागेल.

एक गोष्ट राहिली. त्या रविवारी जेसीबीवाल्यानं जाताना वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पत्र्याचा बोर्ड माझ्या गाडीला टेकवून ठेवला. म्हणाला, हा पेंटरकडून उचलून आणायला सांगितला होता, आता मी कुठे नेऊ? हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कै. सुधाकरराव स्मृती उद्यान'. बाजूला एक गुलाबाचं फूल. तुझ्या प्लॉटवर गुलाब कधी नव्हता. मी तो बोर्ड दुकानात नेला आणि मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवला. गुल्हाने सर मागायला आले होते. मी सांगितलं, सर, या मालाला आपल्याकडे उठाव नाही, आणि देणारही नाही.

मंदा म्हणते, पत्रा चांगला आहे, अक्षरं पुसून टाका, कशाला तरी कामी येईल. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा थिनर आणि चिंधी घेऊन बसलो. 'कै.' तेवढं घासून घासून काढून टाकलं. पुढे हात चालला नाही.